बूट होताना डिस्क सापडली नाही तर? एफएसटॅबच्या दोन ओळींबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात, महाल भागात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे आणि कॉम्प्युटरवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. सिस्टीम एसएसडीवर, फोटो आतल्या २ टीबीच्या जुन्या विंडोजवाल्या डिस्कवर आणि रात्रीचा बॅकअप यूएसबीच्या ४ टीबी डिस्कवर जातो. एक व्हिडिओ बघून एफएसटॅब या फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात लिहितात) दोन ओळी टाकल्या. तेव्हापासून लाइट जाऊन आली की मशीन डेस्कटॉपपर्यंत पोचतच नाही, काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ दाखवून थांबते. बॅकअपची डिस्क लावायची राहिली तरी तेच. एकदा बॅकअपच्या फोल्डरात चक्क गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरचे फोटो दिसले. शेवटी वैतागून बॅकअपच्या ओळीपुढे हॅश लावून ती बंद केली, तर आता एसएसडी शंभर टक्के भरली. ‘असं काऊन होऊन राहिलं भाऊ, उबुंटू पुन्हा टाकू का?’

पुन्हा टाकू नका. उबुंटू धड आहे, आणि या चारही तक्रारी त्या दोन ओळींतूनच आल्या आहेत. तुम्ही पाठवलेल्या ओळी अशा:

/डेव्ह/एसडीबी१ /मीडिया/स्टुडिओ/फोटो एनटीएफएस३ डिफॉल्ट्स ० ०
/डेव्ह/एसडीसी१ /एमएनटी/बॅकअप ऑटो डिफॉल्ट्स ० २

(आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायचे. ‘यूयूआयडी’ (डिस्कचा ओळख-क्रमांक, तो पुढे येतो) तेवढं मोठ्या अक्षरांत, आणि आणखी कुठे मोठं अक्षर लागलं तर तिथे सांगतो. बहुतेक आज्ञांच्या आधी ‘सुडो’ लागेल, म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालते.)

एफएसटॅब म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी, असं बहुतेकांना वाटतं. पण त्या ओळीत आणखी एक गोष्ट ठरते: ती डिस्क मिळाली नाही तर मशीनने सुरू व्हायचं की नाही. बूट होताना सिस्टमडी (मशीन सुरू करून सेवा चालवणारा प्रोग्राम) ही फाइल वाचून प्रत्येक ओळीचं एक ‘माउंट युनिट’, म्हणजे डिस्क जोडायचं एक काम, बनवते. ओळीत वेगळं काही सांगितलं नसेल तर ती डिस्क सक्तीची धरली जाते. मशीन तिच्यासाठी ९० सेकंद थांबते, आणि तरी जमलं नाही तर पुढे न जाता इमर्जन्सी मोडमध्ये जाते. म्हणजे नुसतं ‘डिफॉल्ट्स’ लिहून तुम्ही मशीनला सांगितलं की बॅकअपची डिस्क नसेल तर दुकानच उघडू नको. मशीन तेवढंच ऐकते आहे.

आधी मशीन सुरू करून घेऊ. इमर्जन्सी मोडच्या पडद्यावर ‘मेंटेनन्ससाठी एंटर दाबा’ अशा अर्थाची ओळ असते. एंटर दाबलं की रूटचा प्रॉम्प्ट, म्हणजे प्रशासक म्हणून आज्ञा टाकायची जागा मिळते. ‘नॅनो /ईटीसी/एफएसटॅब’ उघडा, फोटोच्या ओळीपुढेही हॅश लावा, सेव्ह करा आणि ‘रीबूट’. फाइल ‘रीड-ओन्ली’ आहे असं म्हणाली तर आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’. डेबियनवर (ज्यावर उबुंटू बेतलं आहे ते लिनक्स) रूटला पासवर्ड दिलेला नसेल तर हा प्रॉम्प्टच मिळत नाही, रूटचं खातं बंद आहे एवढंच दिसतं. तेव्हा ग्रबच्या, म्हणजे अगदी सुरुवातीला सिस्टीम निवडायच्या मेनूत (तो दिसत नसेल तर चालू करताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट) ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘इनिट=/बिन/बॅश’ जोडा आणि एफ१० दाबा. मग रीमाउंट, फाइल दुरुस्त, ‘सिंक’, ‘रीबूट -एफ’. या ओळीतला बदल तेवढ्या एकाच बूटपुरता असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

डेस्कटॉप आला की फाइलची एक प्रत करून ठेवा, मग पुढचं.

पेनड्राइव्हचं कोडं सोपं आहे. एसडीबी, एसडीसी ही नावं डिस्कची नसतात. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ज्या क्रमाने डिस्क दिसल्या त्या क्रमाने ती वाटली जातात. त्या दिवशी पेनड्राइव्ह लावलेला राहिला, तो बॅकअपच्या आधी दिसला आणि एसडीसी झाला. तुमच्या ओळीत प्रकार ‘ऑटो’ असल्याने तो बिनतक्रार जोडलाही गेला. रात्री स्क्रिप्ट चालली असती तर लोकांच्या लग्नाचे फोटो त्या पेनड्राइव्हवर ओतले गेले असते. म्हणून नाव नको, यूयूआयडी वापरा. ‘एलएसबीएलके -एफ’ चालवा. प्रत्येक पार्टिशनपुढे प्रकार, लेबल आणि यूयूआयडी दिसेल. ईएक्सटी४, एनटीएफएस, फॅट या फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती; ईएक्सटी४ लिनक्सची, एनटीएफएस विंडोजची. ईएक्सटी४चा यूयूआयडी डॅश धरून ३६ अक्षरांचा असतो, एनटीएफएसचा १६ अक्षरांचा, आणि पेनड्राइव्हच्या फॅटचा चार-चार अक्षरांचा, मध्ये डॅश. बघताक्षणी फरक कळतो. ‘बीएलकेआयडी’ आज्ञा शेजारीच ‘पार्टयूयूआयडी’ही (पार्टिशनचा वेगळा क्रमांक) दाखवते. चुकून तो उचलला आणि ‘यूयूआयडी=’पुढे लिहिला की ओळ कधीच जुळत नाही, ही चूक फार दिसते.

यूयूआयडी फाइल सिस्टीमच्या आतच लिहिलेला असतो. त्यामुळे डिस्क एका पोर्टमधून दुसऱ्यात लावली तरी तो तोच राहतो, फॉरमॅट केली की बदलतो. आणि डीडी या प्रत काढायच्या आज्ञेने किंवा क्लोनिंगच्या यंत्राने डिस्कची हुबेहूब प्रत केली तर दोन्हींचा यूयूआयडी एकच! दोन्ही एकाच वेळी लावल्या तर कोणती जोडली जाईल याचा भरवसा नाही. ईएक्सटी४ असेल तर प्रतीवर, ती माउंट नसताना, ‘ट्यून२एफएस -यू रँडम’ चालवून नवा यूयूआयडी द्यायचा (इथला ‘यू’ मोठा).

आता ओळीतले सहा रकाने. पहिला डिस्कची ओळख, दुसरा जागा, तिसरा प्रकार, चौथा पर्याय. पाचवा ‘डंप’ नावाच्या जुन्या बॅकअप साधनासाठी होता, तिथे ० लिहून विसरून जा. सहावा बूटच्या वेळी तपासणीचा क्रम: मूळ फाइल सिस्टीमला १, इतर ईएक्सटी४ डिस्कना २, आणि एनटीएफएस, एक्सएफएस, बीटीआरएफएसला ०. रकान्यांमध्ये स्पेस किंवा टॅब चालतो, पण चौथ्या रकान्यातल्या पर्यायांत स्वल्पविरामानंतर स्पेस चालत नाही. तिथे रकाना संपला असं धरलं जातं. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर ती उलटी तिरकी रेघ आणि ०४० अशी लिहावी लागते. त्यापेक्षा नावात स्पेस नकोच. डॅशही टाळा, कारण युनिटच्या नावात तिरक्या रेघेचा डॅश होतो आणि नावातल्या मूळ डॅशचं विचित्र काहीतरी होऊन बसतं.

जागेबद्दल एक सूचना. /मीडिया/ खाली तुमच्या नावाचा फोल्डर हा डेस्कटॉपचा इलाखा आहे; पेनड्राइव्ह लावला की डेस्कटॉप तिथे आपोआप फोल्डर बनवतो आणि काढला की पुसतो. कायमच्या डिस्कसाठी मी /एसआरव्ही वापरतो. /एसआरव्ही/फोटो आणि /एसआरव्ही/बॅकअप असे दोन फोल्डर करा. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना पत्ता बदलावा लागेल, तेवढा त्रास एकदाच.

फोटोंच्या डिस्कचं दुखणं वेगळं आहे. ‘एनटीएफएस३’ हा कर्नलमधला ड्रायव्हर ५.१५ आवृत्तीपासून आला. डिस्क जोडलेली असताना लाइट गेली की तिच्यावर ‘डर्टी’ अशी खूण राहते, आणि अशी खूण असलेली डिस्क हा ड्रायव्हर जोडायला नकार देतो. नकार योग्यच आहे, पण ओळ सक्तीची असल्यामुळे अख्खी मशीन अडते. ‘फोर्स’ पर्याय टाकून खूण डावलता येते. व्हिडिओवाले तेच सुचवतात. मी तसं करणार नाही. आतली नोंदवही बिघडलेली असताना तिच्यावर आणखी लिहिणं म्हणजे फोटो पणाला लावणं. लिनक्सचं ‘एनटीएफएसफिक्स -डी’ खूण पुसतं, खरी दुरुस्ती करत नाही. ती करतं विंडोजचं ‘सीएचकेडीएसके’, शेवटी ‘/एफ’ लावून. म्हणजे डिस्क काढून विंडोजच्या मशीनला लावायची, आणि हे दर वेळी लाइट गेल्यावर करणं कुणाला परवडेल?

इथे परिस्थितीवर अवलंबून दोन वाटा आहेत. ती डिस्क अजूनही विंडोजवर लागत असेल तर एनटीएफएस ठेवावं लागेल. मग प्रकार ‘एनटीएफएस-३जी’ लिहा, पर्यायांत ‘यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,यूमास्क=०२२,विंडोज_नेम्स,नोफेल’. १००० हा उबुंटूवरच्या पहिल्या वापरकर्त्याचा आकडा, ‘आयडी -यू’ने खात्री करा. आणि त्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा: प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. ते चालू असेल तर विंडोज बंद झाल्यासारखी दिसते, पण अर्धवट झोपलेली असते. अशी डिस्क लिनक्सवर मग नुसती वाचता येते, लिहिता येत नाही.

विंडोजचा संबंध संपला असेल, आणि तुमच्या प्रश्नावरून तसंच वाटतं, तर ईएक्सटी४ करा. ईएक्सटी४ला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही असते. लाइट गेली तर पुढच्या बूटला तपासणी काही सेकंदांत जर्नलवरून हिशेब जुळवते आणि तुम्हाला कळतही नाही. जागच्या जागी एनटीएफएसचं ईएक्सटी४ होत नाही. डेटा दुसरीकडे न्यायचा, फॉरमॅट करायचा, परत आणायचा. फिरत्या डिस्कवर सेकंदाला सव्वाशे एमबी धरले तरी पूर्ण २ टीबी एका दिशेने जायला साडेचार-पाच तास लागतात, लहान फाइली खूप असतील तर जास्त. रविवार काढून ठेवा. फॉरमॅटच्या वेळी ‘एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल फोटो -एम ०’ आणि पुढे पार्टिशन (इथला ‘एल’ मोठा, ‘एम’ छोटा). ‘एम ०’ का? ईएक्सटी४ सवयीने ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. सिस्टीमच्या डिस्कवर ते हवंच, पण २ टीबीच्या फोटोंच्या डिस्कवर १०० जीबी उगाच अडून राहतात. आज्ञा देण्याआधी ‘एलएसबीएलके -एफ’मध्ये आकार आणि लेबल पुन्हा बघा, इथे एक अक्षर चुकलं तर भलतीच डिस्क कोरी होते.

एक नेहमीचा सापळा: एनटीएफएसच्या ओळीतले ‘यूआयडी’, ‘यूमास्क’ ईएक्सटी४च्या ओळीत तसेच राहू देऊ नका. ईएक्सटी४मध्ये मालकी प्रत्येक फाइलसोबत डिस्कवरच लिहिलेली असते, हे पर्याय त्याला कळत नाहीत, आणि ‘चुकीचा प्रकार, चुकीचा पर्याय किंवा खराब सुपरब्लॉक’ अशी मोघम तक्रार करून जोडणी फसते. लोक ‘खराब सुपरब्लॉक’ (फाइल सिस्टीमची मुख्य नोंद) वाचून डिस्क गेली असं समजतात. ईएक्सटी४साठी डिस्क जोडल्यावर एकदा ‘सीएचओडब्ल्यूएन’ने /एसआरव्ही/फोटोची मालकी तुमच्या वापरकर्त्याला द्या, काम झालं.

मग फोटोंच्या ओळीला ‘नोफेल’ द्यायचं का? नोफेल म्हणजे डिस्क मिळाली तर जोड, नाही तर पुढे चल. तुमच्यासाठी हो, कारण मशीन सुरू झाली तर निदान काय बिघडलं ते पडद्यावर बघता येतं. डेटाबेसची डिस्क असती तर मी दिलं नसतं. रिकाम्या फोल्डरवर डेटाबेस सुरू होऊन नवा कोरा साठा बनवत बसला तर तो निस्तरणं इमर्जन्सी मोडपेक्षा कितीतरी वाईट. शिवाय नोफेल दिलं की सिस्टमडी जोडणी पूर्ण होण्याची वाटही बघत नाही; फोल्डर वाटून देणारी सांबासारखी सेवा डिस्कच्या आधीच उभी राहू शकते. तशी सेवा असेल तर ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने तिच्या युनिट विभागात ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/फोटो’ ही ओळ घाला (‘रिक्वायर्स’, ‘माउंट्स’, ‘फॉर’ तिन्हींचं पहिलं अक्षर मोठं, मध्ये स्पेस नाही).

बॅकअपच्या डिस्कसाठी मात्र मला नोफेलपेक्षा ऑटोमाउंट आवडतं. पर्याय असे: ‘नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=५मिन,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३०’. बूटच्या वेळी डिस्कला हात लावला जात नाही. कुणी फोल्डर उघडला किंवा स्क्रिप्टने लिहायला घेतलं की त्या क्षणी जोडली जाते, आणि ५ मिनिटं काही हालचाल नसेल तर सुटते. सुटलेल्या डिस्कला वीज गेल्याचं सुतक नाही. डिस्क लावलेलीच नसेल तर फोल्डर उघडणारा ३० सेकंद अडकतो आणि मग चूक दाखवतो. तेवढी गैरसोय मान्य करायची. टाइमआउटला ० लिहू नका. शून्याचा अर्थ तिथे ‘वाट बघूच नको’ असा नसून ‘कायम वाट बघ’ असा आहे. आतल्या डिस्कला १० सेकंद पुरतात. यूएसबीच्या फिरत्या डिस्कला लाइट आल्यावर वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून ३०.

दोन्ही डिस्क ईएक्सटी४ असतील तर ओळी मिळून अशा होतील:

यूयूआयडी=(फोटोंचा) /एसआरव्ही/फोटो ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१० ० २
यूयूआयडी=(बॅकअपचा) /एसआरव्ही/बॅकअप ईएक्सटी४ नोऑटो,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट,एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=५मिन,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=३० ० २

बाकीच्या ओळी, म्हणजे मूळ फाइल सिस्टीम, /बूट/ईएफआय आणि स्वॅप, इन्स्टॉलरने लिहिल्या आहेत. त्यांना हात लावू नका.

आता एसएसडी का भरली. माउंट पॉइंट, म्हणजे डिस्क जोडायची जागा, हा शेवटी एक साधा फोल्डर आहे, आणि तो एसएसडीवरच असतो. डिस्क जोडलेली असेल तर तिथे डिस्क दिसते, नसेल तर खालचा फोल्डर. तुम्ही ओळ बंद केली, पण रात्रीची आरसिंकची (फाइलींची प्रत करणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट चालूच राहिली आणि तिने इमानदारीत सगळे फोटो /एमएनटी/बॅकअप या एसएसडीवरच्या फोल्डरात ओतले. ते आत्ताच साफ करा, डिस्क जोडण्याआधी. आधी ‘फाइंडएमएनटी /एमएनटी/बॅकअप’ चालवा; उत्तर काहीच आलं नाही तर तिथे डिस्क नाही, म्हणजे समोरचा माल एसएसडीवरचा आहे. फोटोंच्या मूळ डिस्कशी पडताळून मग पुसा. वर डिस्क जोडली गेली की तो खालचा माल झाकला जातो: ‘डीएफ’ (मोकळी जागा सांगणारी आज्ञा) एसएसडी भरलेली सांगतं, ‘डीयू’ला (फोल्डरांचा आकार मोजणाऱ्या आज्ञेला) काही सापडत नाही, आणि माणूस चक्रावतो. तशी वेळ आली तर ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’ करा (‘मूळ’ नावाचा रिकामा फोल्डर आधी बनवून). त्या वाटेने एसएसडीवरचे फोल्डर जोडलेल्या डिस्कांशिवाय दिसतात. सफाई झाली की ‘यूमाउंट’. ही आज्ञा लिहिताना ‘यू’नंतर ‘एन’ नाही.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन कुलुपं. पहिलं, डिस्क जोडलेली नसताना रिकाम्या /एसआरव्ही/फोटोवर ‘सीएचएटीटीआर +आय’ चालवा. मग त्या फोल्डरात रूटलाही फाइल बनवता येत नाही, पण त्यावर डिस्क जोडता येते. डिस्क नसताना कुणी फोटो सेव्ह करायला गेला तर लगेच नकार मिळेल, आणि तो नकारच हवा आहे. नाहीतर नोफेलमुळे फोल्डर रिकामा दिसेल आणि लोक त्यात नवीन काम साठवत बसतील. दुसरं, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता /एसआरव्ही/बॅकअप असा बदला. मग पहिल्याच ओळीला ‘एलएस’ने तो फोल्डर एकदा वाचा म्हणजे ऑटोमाउंट जागं होईल, आणि लगेच ‘फाइंडएमएनटी -टी ईएक्सटी४ /एसआरव्ही/बॅकअप’ तपासा. फसलं तर तिथेच बाहेर पडा. इथे प्रकार सांगणं गरजेचं आहे, कारण डिस्क नसली तरी ऑटोमाउंट स्वतः त्या जागी बसलेलं असतं आणि नुसतं ‘माउंट पॉइंट आहे का’ विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं.

फाइल लिहून झाली की लगेच रीबूट करू नका. आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’. ते चुकलेला यूयूआयडी, नसलेला फोल्डर, न जुळणारा प्रकार दाखवतं. मग ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’, नाहीतर सिस्टमडी जुन्याच ओळी धरून बसते. मग ‘माउंट -ए’. पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. आधीच जोडलेल्या जागा ते सोडून देतं आणि ‘नोऑटो’च्याही सोडतं, त्यामुळे ‘काही चूक आली नाही’ याचा अर्थ कधीकधी ‘काही तपासलंच नाही’ एवढाच असतो. आधी यूमाउंट करा, मग चालवा. ऑटोमाउंट सुरू करायला ‘सिस्टमसीटीएल स्टार्ट एसआरव्ही-बॅकअप.ऑटोमाउंट’, काही अडलं तर ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसआरव्ही-फोटो.माउंट’ नेमकं कारण सांगतं. एवढं जमल्यावर खरी परीक्षा: मशीन बंद, बॅकअपची केबल काढा, चालू करा. डेस्कटॉप आला पाहिजे. मग बंद करून आतल्या फोटोंच्या डिस्कची साटा केबल काढून तेच. ही परीक्षा दुकान बंद झाल्यावर निवांत घ्या, सीझनमध्ये गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना नव्हे.

राहिली लाइट. ४ टीबीची डिस्क साडेतीन इंची असेल तर तिला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. तो कुठे लावलाय बघा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटवर, हे दृश्य सर्रास दिसतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी लाइट गेली की मशीन यूपीएसवर चालू राहते आणि डिस्क मात्र जागच्या जागी मरते. लाइट आली की तीच डिस्क एसडीसीऐवजी एसडीडी म्हणून परत येते, आणि जुनी जोडणी लोंबकळत राहून प्रत्येक फाइलवर ‘इनपुट/आउटपुट एरर’ देते. डिस्क खराब झाली असं समजून लोक नवी घेऊन येतात. असं झालं तर ‘यूमाउंट -एल’ने (इथला ‘एल’ छोटा) जुनी जोडणी सोडवा, ‘एफएससीके’ने पार्टिशन तपासा आणि मगच पुन्हा जोडा. आणि अडॅप्टर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटमध्ये लावा. बऱ्याच यूपीएसना मागे नुसती सर्ज प्रोटेक्शनची सॉकेटही असतात, त्यांना बॅटरीचा आधार नसतो.